सोळा बायकांची इन-चार्ज

सोलापूर,
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रती,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत. गेली आहे ती फक्त माझी अब्रू.

शनिवारी अप्पांनी मला इन-चार्ज केलं. अप्पा म्हणजे आमचे मालक सिद्धलिंगप्पा. अक्कलकोट रोडला त्यांचं कडक भाकरीचं आणि शेंगाचटणीचं युनिट आहे, तिथं मी चार वर्षं फोनवर ऑर्डरी घेत होते हे तुला माहीतच आहे. आता थापणाऱ्या, भाजणाऱ्या, कुटणाऱ्या सोळा बायका माझ्या हाताखाली आल्या. खरं सांगायचं तर त्यातल्या पंधरा जणी दगडाबाईंच्या हाताखाली आहेत आणि दगडाबाई कुणाच्याच नाहीत. वय पंचावन्न. त्यांची भाकरी उजेडाकडे धरली की पलीकडचा माणूस दिसतो.

तर आनंदाच्या भरात मी रिक्षातून तुला व्हॉइस मेसेज पाठवला. "प्रती, मी साहेब झाले गं. ती दगडाबाई तोंड उघडते तेव्हा तव्याला घाम फुटतो, पण तू बघ, महिन्याभरात तिला सरळ करते." तुला मिळाला नाही ना? कसा मिळेल. तो 'भाकरी परिवार' या आमच्या युनिटच्या ग्रुपवर गेला. मी पुसेपर्यंत अकरा जणींनी ऐकला होता, आणि बाराव्या बसव्वानं, तिला मराठी बेताचंच कळतं म्हणून, अंगठा वर केला होता.

त्या क्षणी मी शपथ घेतली की मनातलं काही असलं तर पोस्टानंच पाठवायचं. पत्र चुकून सोळा जणींना जात नाही.

आज सकाळी दगडाबाई समोर आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, सरळ करायला कुठनं सुरू करताय? कमरंपासनं केलं तर बरं हुईल. लई दुखतीय."

पण प्रती, मी डगमगले नाही. अप्पांनी मला नेतृत्वाच्या दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं होतं, तिथल्या सरांनी गोल सभा शिकवली आहे. रोज सकाळी पाच मिनिटं सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं मनातलं एक वाक्य बोलायचं. आजच घेतली. काय सांगू, एकेक जण मोकळी झाली. दगडाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटी टाळ्या.

तू तुझ्या लोकांवर करून बघ.

तुझी,
वैजू (इन-चार्ज)


कुर्डुवाडी,
११ नोव्हेंबर

प्रिय वैजू,

व्हॉइस मेसेजचं वाचून मी इतकी हसले की पार्सल स्कॅन करायचं मशीन हातातून पडलं. चालू आहे अजून.

आणि पहिल्याच दिवशी टाळ्या, दगडाबाईंच्या डोळ्यांत पाणी, म्हणजे कमाल आहे तुझी. इथलंही उत्तम चाललंय. हबची इन-चार्ज होऊन मला सहा महिने झाले. घरोघरी पार्सलं पोचवणारे सात गडी आहेत, सगळे माझ्याहून मोठे, आणि सगळ्यांत मोठे अभिमन्यूदादा. ते पूर्वी कुस्त्या करायचे, आता फ्रीज एकट्यानं तिसऱ्या मजल्यावर नेतात. जिना अरुंद असेल तर जिन्याला रागावतात. पण माझ्या शब्दाबाहेर कुणी नाही.

तुझी गोल सभा लगेच घेतली. सातही जण बोलले. फार एकमत झालं.

आता माझी युक्ती तुला देते. एक फळा लाव. रोज ज्याचं काम सगळ्यांत चांगलं त्याच्या नावापुढे सोनेरी चांदणी. मी पहिली चांदणी अभिमन्यूदादांना दिली तर एवढा मोठा पैलवान आनंदानं रडला. तेव्हापासून सगळे नुसते धावतायत. चांदण्या स्टेशनसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. तुझ्यासाठी एक पाकीट सोबत घातलंय.

तुझी,
प्रती


सोलापूर,
२० नोव्हेंबर

प्रिय प्रती,

चांदण्या मिळाल्या, लावल्या, आणि युनिटचा नूरच पालटला.

पहिली चांदणी बसव्वाला दिली. तिला इतकं भरून आलं की दुपारपर्यंत तिच्यानं काही बोलवेना. बाकीच्यांनीही फार मनावर घेतलंय, सगळ्याजणी फळ्याविषयीच बोलत असतात. दगडाबाई तर फळ्यासमोर उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या.

पुढची पायरी ऐक. शिबिरातले सर म्हणाले होते की नेत्यानं आठवड्यातून एक दिवस आपल्या माणसांचं काम स्वतः करावं, म्हणजे आदर वाढतो. मी परवा भाकरी थापायला काटवटीसमोर बसले. माझा हात बघून सगळ्या थक्क झाल्या. दगडाबाईंनी माझी एकेक भाकरी मोजली.

तूही एक दिवस पार्सल पोचवायला जाऊन बघ. आपण कॉलेजच्या होस्टेलमध्ये एका खोलीत राहायचो तेव्हा मेसचा डबासुद्धा वेळेवर परत करत नव्हतो, आणि आज बघ.

वैजू


कुर्डुवाडी,
१ डिसेंबर

प्रिय वैजू,

गेले. अभिमन्यूदादांना मागे बसवून मोटरसायकल मीच चालवली. पार्सलं पोचली, गावाबाहेरची हवा खाल्ली, आदर फारच वाढला. पायाला थोडं लागलंय, पण ते वेगळं.

आता आनंदाची बातमी. तुझ्या युनिटचं मी इतकं कौतुक करते की सातही जण म्हणाले, एकदा बघायलाच हवं. सकाळी गोल सभा, भिंतीवर चांदण्या, मॅडम स्वतः थापायला बसतात, असं ठिकाण त्यांनी पाहिलेलं नाही. तेव्हा रविवारी, १४ तारखेला, आम्ही आठ जण येतोय. जेवण साधं ठेव.

प्रती


सोलापूर,
६ डिसेंबर

प्रिय प्रती,

१४ तारीख जमणार नाही. रविवारी युनिट बंद असतं. त्या रविवारी चालू असेल, पण तव्यांची दुरुस्ती आहे. शिवाय बसव्वाच्या गावी जत्रा आहे आणि सगळ्याजणी तिकडं जाणार आहेत, म्हणजे ज्या तवे दुरुस्त करणार नाहीत त्या.

दुसरं कारण म्हणजे आम्ही अतिशय गडबडीत आहोत. पुण्याच्या एका मोठ्या दुकानाकडून भोगीसाठी तीळ लावलेल्या बाजरीच्या बारा हजार कडक भाकऱ्यांची ऑर्डर आली आहे. रविवारी, ४ जानेवारीला, माल निघायला हवा. नेत्यानं निर्णय झटपट घ्यावा असं सर म्हणाले होते, म्हणून मी फोनवरच हो म्हणून टाकलं. टीम खूश आहे.

पायाला काय लागलंय ते नीट लिहिलं नाहीस.

वैजू


मुक्काम युनिट, अक्कलकोट रोड, सोलापूर
१८ डिसेंबर

प्रतीक्षाताईस,

दगडाबाईचा रामराम. लिवणार अंकिता, आमच्यात सगळ्यात धाकटी. मी बोलती तसंच लिव म्हणून सांगितलंय. ती मधीमधी शुद्ध करती, तिकडं लक्ष देऊ नगा.

तुमी मला वळखत न्हाई, पर आमी तुमाला वळखतो. तुमची समदी पत्रं आमी वाचल्यात. चोरून न्हाई. वैजयंती मॅडम पत्र वाचत्यात, पिठाच्या डब्यावर ठेवत्यात आन इसरत्यात. मग जेवायच्या सुट्टीत अंकिता मोठ्यानं वाचती. बसव्वाला कानडीत सांगायला लागतंय, म्हणून एकेक पत्र दोनदा हुतं. पाकिटावर तुमचा पत्ता हुता, म्हणून लिवतोय.

तुमच्या पत्रावनं कळलं की मॅडमनी तुमाला हितलं काय काय कळवलंय. त्यात थोडी दुरुस्ती हाय.

सभेत माज्या डोळ्यांत पानी आलं ते खरं हाय. चटणीच्या मिरच्या कुटून आले हुते. गोलात कोनी बोललं न्हाई. मॅडम एकल्याच आठ मिनटं बोलल्या आन शेवटाला त्यांनीच टाळी वाजिवली.

चांदणी बसव्वाला दिली तर तिला वाटलं नावाफुडं खूण म्हंजे काम सुटलं. दुपारपातुर रडत बसली. पर मंग मॅडम तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. कानडीतला एकच शब्द कुठनं तरी शिकून आल्या हुत्या, 'अळबेड, अळबेड', रडू नको. घंटाभर तेवढंच म्हणत बसल्या. शेवटी बसव्वालाच हसू आलं.

थापायला बसल्या तवा चाळीस मोडल्या. मीच मोजल्या. पर एकेचाळिसावी आक्की निघाली आन पोरगी अशी नाचली की काय सांगू. आमी समद्या पोट धरून हसलो. त्या दिशी मला कळलं, ही वाईट न्हाई. निस्ती भ्यालीया. मला सरळ करीन म्हणाली ते म्या मनावर घेतलं न्हाई. माजी सासू तीस वर्सं त्येच करत हुती.

आता मुद्द्याचं. बाजरीची पोती आल्यात, तिळाचे डबे आल्यात. पोती बघून आमाला ऑर्डर कळती. रोजचं काम धरून एवढं उरकत न्हाय. मॅडम काय सांगत न्हाईत. येत्यात, पोत्यांकडं बघत्यात, पाणी पित्यात, जात्यात. काल अंकिताला टेबलाच्या कप्प्यात त्यांचा राजीनामा घावला. निस्ती तारीख घालायची राहिलीया.

आमी आपनहून बोललो तर पोरगी आनखी भिईल. तुमी मैत्रीण हाव. तिला एवढंच कळवा की इचारलं तर आमी हाव.

आन तुमचं बी खरं काय ते लिवा. पैलवान चांदणीसाठी रडत न्हाईत.

तुमची,
दगडाबाई
(बसव्वानं पायाचं इचारलंय.)


कुर्डुवाडी,
२२ डिसेंबर

वैजू,

आधी हे पत्र पिठाच्या डब्यावर ठेवू नकोस. किंवा ठेव. आता काही फरक पडत नाही.

दगडाबाईंचं पत्र आलं. सोबत पाठवतेय, वाच आणि मग पुढं वाच.

वाचलंस? आता माझी पाळी. माझ्या गोल सभेत पहिले अभिमन्यूदादा बोलले. म्हणाले, "उशीर होतोय." नंतर सहाही जणांनी तेच वाक्य म्हटलं. एकमत झालं असं मी लिहिलं होतं, ते अक्षरशः खरं आहे. चांदण्यांच्या फळ्यावर गड्यांनी चहावाल्याचं नाव लिहिलं, आणि महिनाअखेर तो अकरा चांदण्यांनी पुढे होता. अभिमन्यूदादा रडले नाहीत, त्यांना शिंकांचा त्रास आहे.

मोटरसायकल मी उसाच्या पाटात घातली. दादा, मी आणि एक मिक्सर, तिघेही चिखलात. पाय प्लास्टरमध्ये आहे, सहा आठवडे. एवढं होऊन मी तुला लिहिलं, आदर वाढला. का लिहिलं माहीत आहे? तुझ्याकडं सगळं इतकं सुरेख चाललं होतं की मला वाटलं, नालायक मी एकटीच आहे. तुझी प्रत्येक युक्ती मी करून बघत होते आणि ती माझ्याच हातात मोडत होती. तुझ्या हातात पण मोडत होती, हे एकदा लिहिलं असतंस तर मी किती निवांत झोपले असते गं.

आणि माझ्या चांदण्यांनी बिचाऱ्या बसव्वाला रडवलं. माझ्यातर्फे तिची माफी माग.

आता ऐक. राजीनामा लिहायचाच असेल तर पाच तारखेला लिही. त्याआधी त्या सोळा जणींसमोर उभी राहा आणि खरं सांग. शिबिरातल्या सरांचं एकही वाक्य वापरू नकोस. विचार, एवढंच.

मला पाय घेऊन येता येत नाही. पण मोडणारा माल न मोडता पोचवणं या बाबतीत माझे सात जण या जिल्ह्यात कुणाला ऐकणार नाहीत. ४ तारखेला त्यांना सुट्टी आहे. पाठवते असं म्हणत नाही. त्यांना विचारते.

प्रती


सोलापूर,
६ जानेवारी २०२६

प्रिय प्रती,

हात अजून तिळाचेच आहेत, कागदावर डाग पडतील.

तुझं पत्र वाचून मी आधी स्वच्छतागृहात जाऊन रडले. सोळा जणींना ते ऐकू गेलं, कारण दाराला वर फट आहे. बाहेर आले तर सगळ्या काटवटी सोडून उभ्या. कुणीही न सांगता. मी म्हणाले, "बारा हजाराची ऑर्डर मी तुम्हाला न विचारता घेतली. ही माझी चूक आहे. कशी पुरी करायची ते मला कळत नाही. तुम्ही सांगा."

दगडाबाई म्हणाल्या, "आता बोललीस बघ. बस खाली."

आणि प्रती, पुढची पंधरा मिनिटं मी जे ऐकलं ते दोन दिवसांच्या शिबिरात नव्हतं. आजवर प्रत्येक जण आपलंच पीठ मळायची, आपलीच थापायची, आपलीच भाजायची. दगडाबाईंनी कुणाचा हात कशावर चांगला ते धडाधड सांगितलं. पाच जणींनी मळायचं, सहा जणींनी थापायचं, तिघींनी तव्यावर, बसव्वानं तीळ लावायचे कारण तिच्या बोटांतून एक दाणा जास्त पडत नाही. अंकिता म्हणाली, तवे खिडकीकडं हलवले तर वाफ मागे येणार नाही. हे तिनं आधी का सांगितलं नाही विचारलं तर म्हणाली, कुणी विचारलंच नव्हतं.

मी उत्साहानं काटवटीकडं निघाले, तेवढ्यात दगडाबाईंनी माझा पदर धरला. "तू थापू नगंस बाई. चाळीस मोडल्यास तेवढ्या बास. रोजच्या दुकानदारांना धा दिवस थांबवायला लागंल आन अप्पाला ते सांगायला लागंल. ते आमाला जमत न्हाय. ते तुजं काम."

अप्पांना सांगायला गेले. अप्पा ओरडले. मी ऐकून घेतलं आणि परत तेच सांगितलं, की या दहा दिवसांत बायकांना कुणी घाई करणार नाही, तुम्हीसुद्धा नाही. असं मी मालकाला म्हणाले. कसं म्हणाले विचारू नकोस. ते इतके चकित झाले की मान हलवून गेले. मग तेवीस दुकानदारांना एकेक करून फोन केले. दोघांनी शिव्या दिल्या, एकवीस जणांनी ठीक आहे म्हटलं.

दहा दिवस युनिट कसलं, लग्नघर होतं. थापण्याचा ताल लागला की बसव्वा कानडीत ओव्या म्हणायची, आणि तिचा आवाज एवढा मोठा आहे हे चार वर्षांत कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेराशे झाल्या, चौथ्या दिवशी साडेतेराशे. अंकितानं राजीनाम्याच्या मागच्या बाजूला रोजचे आकडे लिहायला घेतले. कोरा कागद तेवढाच सापडला म्हणाली.

आणि रविवारी सकाळच्या गाडीनं तुझे सात गडी दारात. सगळे एका रांगेत, इस्त्रीचे शर्ट. बायकांनी पदर सावरले, पुरुषांनी माना खाली घातल्या. मग अभिमन्यूदादांनी एक भाकरी दोन्ही तळहातांवर घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी, आणि म्हणाले, "ही तर काचेपेक्षा नाजूक आहे." दगडाबाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी दादांना जागच्या जागी चटणी-भाकरी खाऊ घातली.

दहा-दहाच्या थप्प्या, मध्ये कागद, खोक्यात बोटभरसुद्धा पोकळी नाही. प्रत्येक खोकं दादा कानाशी धरून हलवायचे. आवाज आला की परत उघडायचं. अमृत म्हणून तुझा जो बारीक अंगाचा गडी आहे, त्याला बसव्वानं कानडीत आकडे शिकवले आणि तो सगळी खोकी कानडीत मोजत होता. दोनदा चुकला, परत मोजावं लागलं. दुपारी तीनला टेम्पो भरला. बारा हजार, आणि वर साठ जास्तीच्या.

अप्पा आले, भरलेला टेम्पो बघितला आणि विचारलं, ही सगळी व्यवस्था कुणी लावली? मी म्हणाले, दगडाबाईंनी. ते खरंच होतं. अप्पा दगडाबाईंकडं वळून म्हणाले, मग इन-चार्ज तुम्हीच व्हायला हवं. मला वाटलं, बरोबर आहे.

दगडाबाई हात पुसत म्हणाल्या, "भाकरीचं मला कळतंय, अप्पा. पर चुकले म्हणून सोळा जणींम्होरं सांगायचं, आन तुमच्याम्होरं जाऊन आमच्यासाठी उभं ऱ्हायचं, ते पंचवीस वर्सांत म्या केलं न्हाय. ते हिनं केलं. हिलाच ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर टेम्पो फाटकाबाहेर पडायच्या आत अंकितानं माझे दोन्ही हात धरले आणि फुगडी सुरू. पिठाच्या फरशीवर. सोळा जणी आणि मी. कंबर दुखते म्हणणाऱ्या दगडाबाईंनी तिघींना दमवलं. मग त्यांनी अभिमन्यूदादांना ओढलं. फ्रीज तिसऱ्या मजल्यावर नेणारा माणूस दोन गिरक्यांत भिंतीला टेकला आणि मला सोडा म्हणाला.

आता जे सांगायला हे पत्र लिहितेय ते. जाताना मी दादांना विचारलं, सुट्टीचा दिवस, तुमचं आमचं काही नातं नाही, तुम्ही आलात कसे? ते चप्पल घालता घालता म्हणाले, "आधीचे साहेब सांगायचे. मॅडम विचारतात. मॅडमनी आम्हा सगळ्यांना बसवून घेतलं, पाय खुर्चीवर ठेवला होता, आणि म्हणाल्या, नाही म्हटलंत तरी चालेल. बारा वर्षं नोकरी करतोय. असं कुणी म्हटलं नव्हतं. मग नाही कसं म्हणायचं?" आणि बाकी सहा जण एका सुरात म्हणाले, "बरोबर."

हे ते तुझ्या तोंडावर कधी बोलणार नाहीत, म्हणून मी लिहितेय. हे पत्र तूही एखाद्या खोक्यावर ठेवून विसर, म्हणजे त्यांना कळेल की तुला कळलं.

शनिवारी दुपारच्या गाडीनं आम्ही कुर्डुवाडीला येतोय, तुझा पाय बघायला. सतरा जणी. भाकरी-चटणी आमची, पिठलं तू कर, आणि बसायला सतरंज्या लागतील. हे मी तुला विचारत नाही, सांगतेय. सोळा जणींनी ठरवलंय. तिथं माझं काही चालत नाही.

तुझी,
वैजू